सेकंदाला किती चित्रे, आणि किती सेकंद?

सलग चित्रणासाठी, म्हणजे शटरची कळ दाबून धरली असता एकामागून एक चित्रे टिपणाऱ्या पद्धतीसाठी, बेताच्या किमतीचा डिजिटल कॅमेरा घेणारा ग्राहक प्रथम एकच आकडा पाहतो, तो म्हणजे सेकंदाला किती चित्रे. हा आकडा खोटा नसतो. मात्र तो वेग किती काळ टिकतो हे त्यावरून कळत नाही, आणि हौशी छायाचित्रकाराची पहिली खरेदी बहुधा येथेच फसते.

चेन्नईच्या दक्षिणेकडील पळ्ळिकरणैची पाणथळ जागा, जिला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ही या बाबतीत चांगली कसोटी ठरते. तेथे येणारा रोहित पक्षी जागच्या जागी झेप घेत नाही. तो उथळ पाण्यातून पंख फडफडवत धावतो, वेग घेतो आणि मगच हवेत उचलला जातो. पहिल्या पावलालाच कळ दाबून धरली, तर पाय पाण्यापासून सुटण्याच्या ऐन क्षणी स्वस्त कॅमेरा अडखळतो आणि हवे असलेले चित्र मिळतच नाही.

याचे कारण बफर. टिपलेले चित्र कार्डावर लिहिले जाईपर्यंत ते ज्या तात्पुरत्या स्मृतीत थांबते तिला बफर म्हणतात. ती भरली की कॅमेऱ्याचा वेग कार्डाच्या वेगावर येऊन ठेपतो. चोवीस मेगापिक्सेलचे एक रॉ चित्र, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद, साधारण २५ ते ३० एमबीचे असते. सेकंदाला दहा चित्रे धरली तर २५० ते ३०० एमबी साठवावे लागतात, आणि यूएचएस-१ प्रकारच्या कार्डाची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी एवढीच आहे. निकॉन डी७१०० (२०१३) आणि डी७२०० (२०१५) हे दोन्ही कॅमेरे सेकंदाला सहा चित्रे घेतात. परंतु उत्तम प्रतीच्या रॉमध्ये पहिल्याचा बफर सहा चित्रांत भरतो, तर दुसऱ्याचा अठरा. कागदावर वेग सारखा, प्रत्यक्षात तो टिकतो साधारण एक सेकंद आणि साधारण तीन सेकंद. कॅननचा आर५० (२०२३) इलेक्ट्रॉनिक शटरने पंधरापर्यंत जातो, पण रॉमध्ये सुमारे सात चित्रांनंतर, म्हणजे अर्ध्या सेकंदात, त्याची धाव संपते. म्हणून कमी खर्चात सलग चित्रण करायचे असेल तर जेपेग, म्हणजे दाबून लहान केलेले चित्र, निवडणे हाच शहाणपणा आहे, मग जाणकार काहीही म्हणोत.

इलेक्ट्रॉनिक शटरचा एक दोषही आहे. तो सेन्सर ओळीओळीने वाचतो. त्यामुळे वेगाने हलणारा पंख चित्रात वाकडा उमटू शकतो. यांत्रिक शटरचा वेग कमी असला तरी निवड करताना तोच हिशेबात धरावा. शिवाय प्रत्येक चित्रागणिक फोकस पक्ष्याच्या मागे जातो की पहिल्या चित्रावरच अडकून राहतो, हेही माहितीपत्रकात पाहावे; अडकणारा फोकस असेल तर वीस चित्रांतली एकोणीस वाया जातात.

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे याने १८८२ मध्ये पक्ष्यांचे उड्डाण अभ्यासण्यासाठी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला, जो सेकंदाला बारा चित्रे टिपत असे. पक्षी उडतो कसा हे समजून घ्यायला एवढा वेग त्याला उपयोगी पडला. सामान्य अभ्यासकाला आजही सहा ते दहाचा, पण दोन-तीन सेकंद टिकणारा वेग पुरतो.

डी७२०० सारखा जुना कॅमेरा यासाठी विचारात घेण्याजोगा आहे. मात्र शटर आजवर किती वेळा चालले हे विचारावे, कारण या कॅमेऱ्याचे शटर दीड लाख वेळांपर्यंत तपासलेले असते आणि सलग चित्रणाने ही संख्या झपाट्याने वाढते. चेन्नईच्या दमट हवेत भिंगावर बुरशी सहज धरते, तेव्हा टॉर्चचा उजेड भिंगातून आरपार टाकून आतले जाळीदार डाग पाहावेत.

आणि पैसे देण्यापूर्वी स्वतःचे कार्ड घालून, रॉ आणि जेपेग दोन्हींत, कळ पाच सेकंद दाबून धरावी व शटरचा आवाज कधी मंदावतो ते ऐकावे. एवढी परीक्षा विक्रेता करू देत नसेल, तर तो कॅमेरा घेऊ नये.