परमुलुखाची गाडी



सांगोल्याला लागूनच आटपाडी तालुका आहे. तिकडची आणि खानापूरकडची पुष्कळ माणसे गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करणे. या धंद्यापायी ही माणसे देशभर पसरली. कुणी तमिळनाडूत आहे, कुणी केरळात, कुणी पार पंजाबात. आपल्या सोलापूर जिल्ह्यातही आता किती तरी घरांतला एखादा मुलगा, एखादी लेक परमुलुखात असते. मग इथल्या आईबापांना कधी ना कधी तिकडे जावे लागते. सुनेचे बाळंतपण असते, नातवाचे जावळ असते. प्रवास लांबचा, भाषा येत नाही. पोटात गोळा उठतो.

आमच्या साक्षरता वर्गातल्या एक आजी अशाच मुलाकडे कोइमतूरला निघाल्या. सुनेचे दिवस भरत आले होते. तिकिटावर तारीख होती ५ आणि वेळ होती ००.२०. आजींनी तारीख स्वतः वाचली. वर्गात यायला लागल्यापासून त्या सगळे स्वतःच वाचत. ५ तारखेला दिवसभर भाकरी भाजल्या, गाठोडे बांधले आणि रात्री ११ वाजता सोलापूर स्टेशनात हजर झाल्या. गाडी आदल्या रात्रीच निघून गेली होती. तिकिटाचे पैसे बुडाले. रात्रभर आजी फलाटावर बसून होत्या.

आजींनी वाचण्यात काही चूक केली नव्हती. शिकवायचे राहिले ते माझेच. आपला दिवस उजाडल्यावर सुरू होतो. रेल्वेचा दिवस रात्री १२ ला बदलतो. घड्याळात १२ वाजून गेले की रेल्वेची तारीख पुढची झाली. म्हणून तिकिटावर ५ तारीख आणि ००.२० असे असेल तर ४ तारखेचे रात्रीचे जेवण घरी करायचे आणि स्टेशनाची वाट धरायची. वेळेच्या सुरुवातीला दोन शून्ये दिसली की थांबा, आणि बोटांवर मोजून पाहा. दुपारनंतरची वेळ काढणे सोपे आहे. रेल्वेच्या घड्याळात बारानंतर तेरा येतात. २२.४० लिहिले असेल तर बावीसमधून बारा वजा करा. रात्रीचे १० वाजून ४० मिनिटे झाली.

आता आकड्यांची आणखी एक गंमत सांगतो. डब्याचा आणि जागेचा नंबर इंग्रजी आकड्यांत असतो. इंग्रजी आठ आपल्या चारासारखा दिसतो, आणि इंग्रजी नऊ आपल्या एकासारखा! आमच्या गावचे एक शेतकरी आठव्या डब्याऐवजी चौथ्यात जाऊन बसले. बायकोपोरे खुणेने बरोबर आठव्यात चढली होती. कलबुर्गी येईपर्यंत दोघांकडेही रडारड. तेव्हा दोन्हीकडचे आकडे शेजारी-शेजारी मांडून एकदा गिरवून घ्या. शयनयानाच्या डब्यावर आकड्याच्या आधी ‘एस्’ हे अक्षर असते. वेटोळे घालून फणा काढलेल्या सापासारखे ते दिसते.

मात्र एक गोष्ट ऐकून तुम्हांला धीर येईल. सोलापूर सोडले की लवकरच कानडी मुलूख लागतो. मग कलबुर्गी, वाडी, पुढे रायचूर. रायचूरच्या अलीकडे कृष्णा ओलांडावी लागते, पलीकडे तुंगभद्रा. तिथून तेलुगू मुलूख. कोइमतूरला गेलात तर तमिळ. बाहेरची बोली तीनदा बदलते. पण स्टेशनच्या पाटीवर तिथल्या भाषेबरोबर हिंदीतही नाव असते, आणि हिंदीची अक्षरे म्हणजे तुम्ही गिरवली तीच अक्षरे. क, ख, ग तेच, काना-मात्रा त्याच. नाव आपल्या बोलण्यापेक्षा जरा निराळे लिहिलेले असते, इतकेच. कुणाला न विचारता तुम्हांला कळते की आपण कुठवर आलो. १८७१ साली मुंबईकडची आणि मद्रासकडची लोहमार्गाची वाट रायचूरला एकत्र मिळाली. तेव्हापासून आपल्याकडची माणसे या वाटेने दक्षिणेत जात आहेत. त्यांतल्या कितीजणांना पाटी वाचता येत असेल?

शिदोरीचे मी सोलापूरकरांना काय सांगावे! कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दोन-तीन दिवस हलत नाही. पाणी मात्र भरपूर घ्या. पाण्यासाठी मधल्या स्टेशनात उतरू नका. गाडी कधी हलेल याचा नेम नसतो, आणि धावत्या गाडीत चढताना पाय घसरला तर फलाट आणि डबा यांच्या फटीत माणूस जातो. दारात बसून वारा खाण्याची हौसही नको.

अनोळखी माणसाने दिलेला चहा, बिस्किट, प्रसाद घेऊ नये. गुंगीचे औषध घालून लुटणारे असतात. आपल्याला वाटते, नाही कसे म्हणावे? “आज उपास आहे” म्हणा, झाले. सामान सीटखालच्या लोखंडी कडीला साखळीने अडकवा. पैसे एका जागी ठेवू नका. स्टेशनातून गाडी सुटताना मोबाईल खिडकीपाशी धरून बोलू नका. बाहेरचा हात आत येतो. स्टोव्ह, रॉकेल, फटाके गाडीत नेणे गुन्हा आहे. पेटत्या डब्यातून पळायला वाट नसते.

डब्यात भिंतीला धोक्याची साखळी असते. मूल खाली राहिले, कुणी पडले, आग लागली, तर ती ओढावी. उगाच ओढली तर दंड किंवा कैद. बाकी कुठलीही अडचण, चोरी, आजारपण, त्रास देणारा माणूस, असे काही झाले तर १३९ नंबर फिरवा. आपला डबा कोणता, मागचे स्टेशन कोणते, ते सांगता आले पाहिजे. पाट्या वाचत जा म्हणतो तो यासाठीच.

बायांनी आणखी एक लक्षात ठेवावे. एकट्या बाईचे तिकीट हरवले तरी तिला रात्री आडस्टेशनात उतरवता येत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यात तसे लिहिले आहे. उतरवायचेच तर ती बसली त्या स्टेशनात, जंक्शनला, शेवटच्या स्टेशनात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि तेही दिवसाच. म्हणून फुकट बसावे असे नव्हे! पण कुणी दरडावले तर घाबरून अंधारात उतरू नये.

आजींचे काय झाले? चार दिवसांनी दुसरे तिकीट मिळाले. या खेपेला आम्ही दोघांनी मिळून तारीख तपासली. मी त्यांना एक चिठ्ठी करायला सांगितली. आपले नाव, गाव, मुलाचे नाव, त्याचा पत्ता आणि दोन मोबाईल नंबर. मोबाईल हरवतो, बंद पडतो. पदराच्या गाठीतली चिठ्ठी बंद पडत नाही. ती त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. अक्षर मोठे, जरा तिरके, पण स्वच्छ.

महिना दीड महिन्याने आजी परत आल्या. चिठ्ठी गाठीतच होती. मागच्या बाजूला त्यांनी नातवाच्या जन्माची वेळ लिहून आणली होती. बाळ मध्यरात्रीनंतर जन्मले होते, ००.५० ला. तारीख त्यांनी पुढची घातली होती.