पहिल्या एअर रायफलची साईट : निवड आणि जोडणी

दहा मीटर एअर रायफल शिकायला लागून काही महिने झाले, की स्वतःच्या रायफलचा विषय घरात निघतो. तेजस्विनी सावंत, रुद्रांक्ष पाटील, स्वप्नील कुसाळे यांची नावं ऐकून रेंजवर आलेलं मूल आता मन लावून शिकत असतं आणि पालकही हात आखडता घेत नाहीत. रायफल येते, तिच्यामागून यादी येते: भारीतला आयरिस, रंगीत फिल्टर, जादा वजनं, नवी बटप्लेट. यातलं बरंचसं पहिल्या वर्षी लागतच नाही. क्रम मात्र पहिल्या दिवसापासून लागतो. आधी रायफल अंगाला बसवायची, मग साईट डोळ्याला, मग छर्रा नळीला. मान आखडलेली असेल तर सर्वांत महागडी साईटही उपयोगाची नाही, आणि तिच्या भरवशावर राहिलेलं मूल शेवटी स्वतःलाच दोष देत बसतं. ते होऊ नये म्हणून ही कृती. क्लबच्या प्रशिक्षकांना सोबत घेऊनच करा.

साहित्य

- पीप साईट (बारीक छिद्रातून नेम धरायची साईट) असलेली ४.५ मिमीची मॅच एअर रायफल
- फोरसाईटच्या (पुढच्या साईटच्या) ३.८ ते ४.५ मिमीच्या तीन-चार रिंगा
- छिद्र लहान-मोठं करता येणारा आयरिस
- ॲलन की, मोजपट्टी, वही
- चपट्या डोक्याचे मॅच छर्रे, दोन-तीन प्रकारचे
- सेफ्टी फ्लॅग

कृती

१. नियम आधी वाचा. या प्रकारात दुर्बीण चालत नाही. साईटसकट रायफलचं वजन ५.५ किलोच्या आत हवं. दृष्टिदोषासाठी एकच भिंग चालतं, ते मागच्या साईटवर बसवा किंवा चष्म्यात घाला. शालेय स्पर्धांत ओपन साईट आणि पीप साईट हे गट वेगळे असतात, तेव्हा मूल कोणत्या गटात उतरणार हे ठरल्याशिवाय खरेदी करू नका. जुनी रायफल घेत असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख पाहा. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि ते भरणं धोक्याचंही आहे.

२. रायफल अंगाला बसवा. हात लावण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री करा, नळीत सेफ्टी फ्लॅग घाला आणि तोंड टार्गेटकडेच ठेवा. आता बटप्लेटची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाची, लांबी आणि उंची जुळवा. डोकं सरळ राहिलं पाहिजे, रायफल डोळ्यापर्यंत वर आली पाहिजे. डोकं रायफलकडे झुकवावं लागत असेल तर उंची कमी पडते आहे. मग चीकपीस (गाल टेकवायचा भाग) लावा आणि ही परीक्षा घ्या: डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साईट थेट समोर दिसली तर जोडणी जमली. ती शोधायला गाल सरकवावा लागला तर चीकपीस बदला, गाल नको.

३. फोरसाईटची रिंग निवडा. टार्गेटवरचा काळा गोल ३०.५ मिमीचा असतो. डोळ्यापासून फोरसाईट साधारण ८५ सेंटिमीटरवर धरली, तर तिथे तो गोल जेमतेम २.६ मिमीचा भासतो. म्हणजे ४ मिमीच्या रिंगमध्ये त्याच्याभोवती पाऊण मिमीच्या आसपास पांढरं कडं उरतं. शिकणाऱ्यानं ४ ते ४.३ मिमीपासून सुरुवात करावी. रिंग फार लहान घेतली की गोल कडेला चिकटल्यासारखा दिसतो, हात हललेला प्रत्येक क्षण जाणवतो आणि मूल ट्रिगर ओढायलाच घाबरतं. मोठ्या रिंगमध्ये रायफलची नैसर्गिक हालचाल मान्य करता येते.

४. बॅकसाईट आणि आयरिस लावा. बॅकसाईट पुढे-मागे सरकवून डोळ्यापासून ५ ते १० सेंटिमीटरवर आणा. मागच्या छिद्रातून फोरसाईटची पूर्ण नळी दिसली पाहिजे आणि तिच्याभोवती सगळीकडून सारखी उजेडाची कड हवी. आयरिस १.१ ते १.२ मिमीवर ठेवा. उजेड कमी असेल तर थोडा उघडा, जास्त असेल तर मिटा. नजर फोरसाईटवर हवी, काळा गोल किंचित धूसर दिसला तरी चालेल.

या मध्य साधण्याला एवढं महत्त्व का? दोन साईटमधलं अंतर ८० सेंटिमीटर धरा. फोरसाईट मध्यापासून ०.१ मिमी सरकली, तर दहा मीटरवर छर्रा १.२५ मिमी सरकतो. लगतच्या दोन गुणरेषांत २.५ मिमीचं अंतर असतं, म्हणजे केसाएवढ्या चुकीनं अर्धा गुण जातो.

५. दुसरा डोळा उघडा ठेवा. एक डोळा मिटला की चेहरा ताणला जातो आणि नेम धरणारा डोळाही लवकर थकतो. त्यापेक्षा दुसऱ्या डोळ्यासमोर पांढरट ब्लाइंडर लावा. रुंदी ३० मिमीपेक्षा जास्त नको. स्वस्तात मिळणारी आणि लगेच फरक दाखवणारी जोडणी हीच.

६. क्लिक स्वतः मोजा. रायफल टेकवून पाच शॉट मारा आणि ग्रुपचा, म्हणजे त्या पाच भोकांच्या पुंजक्याचा, मध्य खुणेनं दाखवा. बॅकसाईटचा स्क्रू दहा क्लिक फिरवा, पुन्हा पाच शॉट मारा, दोन मध्यांतलं अंतर मोजून दहानं भागा. ही तुमच्या साईटची एका क्लिकची किंमत, वहीत लिहा. छर्रा ज्या दिशेला न्यायचा, त्याच दिशेला बॅकसाईट सरकवायची. स्क्रूवरच्या खुणा कंपनीगणिक बदलतात, म्हणून एकदा फिरवून खात्री करा. एका शॉटवरून साईट कधीच हलवू नका, ग्रुप पाहा.

७. छर्रा नळीला जुळवा. रायफल क्लॅम्पमध्ये किंवा भक्कम टेकणावर ठेवून प्रत्येक डब्यातले पाच-पाच छर्रे मारा. जो डबा सर्वांत लहान, गोल भोक पाडेल तो तुमचा. त्याचा लॉट नंबर लिहून ठेवा आणि त्याच लॉटचे डबे घ्या. हजारोंच्या उपकरणापेक्षा ही एक सकाळ जास्त गुण देते.

८. ट्रिगर आणि वजनं शेवटी. ट्रिगरचा पहिला टप्पा कुठे संपतो हे बोटाला स्पष्ट कळलं पाहिजे. तो हलका करण्याची घाई नको, नाहीतर मनात ठरायच्या आधीच शॉट सुटतो. वजनं रायफल स्थिर करतात हे खरं, पण वाढत्या वयाच्या मुलाच्या कमरेवर त्यांचा भार पडतो. पाठ मजबूत होईपर्यंत ती कपाटातच राहू द्या.

पुढची खरेदी कशी ठरवावी

एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलाआधीचे आणि नंतरचे ग्रुप त्याच छर्ऱ्यांनी, त्याच रेंजवर, काही दिवस नोंदवा. ग्रुप लहान झाला तर वस्तू ठेवा, नाही झाला तर परत करा. वहीत फरक दिसेना तर समजा, कमी आहे ती सरावाची. मग ते पैसे छर्ऱ्यांना आणि रेंजच्या फीला लावा.