मध्यस्थी, रदबदली आणि नवस : मराठी कॅथॉलिक संतभक्तीची परिभाषा

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासात फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ला (१६१६) जे स्थान लाभले, ते त्याच परंपरेतील संतचरित्रांना लाभले नाही. एत्येन द ला क्रुआ यांचे ‘पीटर पुराण’ (१६२९) आणि आंतोनियु द साल्दान्य यांची संत आंतोनीची जीवितकथा (१६५५) यांचा उल्लेख बहुधा मुद्रणाच्या इतिहासापुरता होतो. परिणामी या संतभक्तीचे स्वरूप भाषेच्या अंगाने तपासले जात नाही, आणि ‘कॅथॉलिकांचा संत म्हणजे नवसाला पावणारे आणखी एक दैवत’ असा समज टिकून राहतो. हा समज कितपत ग्राह्य आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये या संदर्भातील भूमिका स्पष्ट केली. संतांना साद घालणे हितकर आहे. मात्र कृपा देणारा परमेश्वरच, संत केवळ भक्तासाठी त्याच्यापाशी याचना करतात. आराधना परमेश्वराची, संतांना आदर, हा भेद त्यामागे आहे. संतांच्या लितानीत तो क्रियापदांतून प्रकट होतो. परमेश्वराकडे दया मागितली जाते. संतांकडे मात्र विनंती करण्याची विनंती केली जाते. दाता आणि मध्यस्थ यांची येथे व्याकरणातच फारकत झालेली आहे.

मराठी मनाला ही कल्पना परकी नाही. पांडुरंगापाशी आपल्यासाठी रदबदली करावी, अशी संतांची आळवणी तुकोबांच्या अभंगांत आढळते. देवाजवळ संतांची भीड चालते, हा त्यामागील विश्वास होय. अर्थात दोन्ही परंपरांतील ‘संत’ एक नव्हेत. वारकरी संतत्व लोकमान्यतेने सिद्ध होते; कॅथॉलिक संतत्व आज चौकशीनंतर पोपकडून घोषित होते आणि त्या चौकशीत मध्यस्थीने घडलेला चमत्कार हा सामान्यतः पुरावा असतो. तरीही मध्यस्थीच्या कल्पनेला मराठीत जवळचा शब्द शोधायचा, तर तो ‘नवस’ नसून ‘रदबदली’ हाच ठरतो.

यावर एक आक्षेप संभवतो. वांद्र्याच्या मोत माउलीच्या सप्टेंबरमधील जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे अर्पण केली जातात. अर्पण करणाऱ्यांत ख्रिस्तीतर भाविकही असतात. येथे सिद्धान्त बाजूला पडून नवसच उरतो, असे म्हणता येईल. परंतु असे मेणाचे अवयव पोर्तुगालमधील तीर्थस्थानीही वाहिले जातात, आणि देवीला चांदीचे डोळे वाहण्याची प्रथा महाराष्ट्रातही आहे. तेव्हा वांद्र्याच्या प्रथेला केवळ ‘पूर्वधर्माचा अवशेष’ म्हणणे पुरेसे नाही. दोन नवसपरंपरा तेथे भेटल्या, असे म्हणणे अधिक युक्त होय. एकच मेणाचा पाय एका भाविकाच्या दृष्टीने फेडलेला नवस असतो, तर दुसऱ्याच्या दृष्टीने मध्यस्थीबद्दलची कृतज्ञता. वस्तू समान असली, तरी तिच्यासोबतचे वाक्य भिन्न असते.

नवस फेडला की व्यवहार पूर्ण होतो. संताशी असलेले नाते मात्र तेथे संपत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी घेतलेले संताचे नाव आयुष्यभर सोबत राहते, धर्मग्रामाचा सण दरवर्षी येतो, हरवलेल्या वस्तूसाठी संत आंतोनीला सहज हाक जाते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकी येथे हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये संत घोषित झाले. त्यांच्याविषयी वसईकरांना वाटणारी आपुलकी फलप्राप्तीच्या हिशेबात बसत नाही. ती आपल्या गावच्या माणसाविषयीची असते.

सारांश, या भक्तीचा विचार करताना अर्पणाच्या वस्तूंइतकेच प्रार्थनेतील क्रियापदांकडे लक्ष द्यावे लागते. ‘दे’ आणि ‘माझ्यासाठी माग’ या दोन क्रियापदांतील अंतर लक्षात न घेता केलेली तुलना वारकरी आणि कॅथॉलिक, दोन्ही परंपरांवर अन्याय करते. सतराव्या शतकातील संतचरित्रांच्या पुनर्वाचनाला याच प्रश्नापासून आरंभ करता येईल.