३.२ उदाहरणवाक्यांतून शब्दबोध

इंग्रजी शब्दापुढे मराठी प्रतिशब्द लिहून पाठ केला, की तो शब्द आला असे आपण समजतो. ‘कॉज’ म्हणजे ‘कारणीभूत होणे’, हा अर्थ बरोबरच आहे. परंतु शिक्षकांना लिहिलेल्या आभारपत्रात ‘यू कॉज्ड माय सक्सेस’ असे वाक्य आले, तर व्याकरण निर्दोष असूनही ते खटकते. का, ते पाहण्यासाठी पुढील वाक्ये वाचा.

१. हेवी रेन कॉज्ड द फ्लड.
२. स्मोकिंग कॉजेस कॅन्सर.
३. द स्ट्राइक कॉज्ड अ लाँग डिले.

पूर, कर्करोग, विलंब : या क्रियापदाची कर्मे बहुधा अनिष्ट असतात. मराठीतही ‘अपघातास कारणीभूत’ सहज वाटते; ‘यशास कारणीभूत’ म्हणताना जीभ अडखळते. आभारपत्रात ‘यू हेल्प्ड मी सक्सीड’ हेच शोभते.

शब्दांच्या अशा साहचर्याकडे ब्रिटिश भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनी लक्ष वेधले. १९८७ च्या ‘कोबिल्ड’ शब्दकोशाने तर अर्थही पूर्ण वाक्यांत दिले.

स्वयं-अध्ययन : ‘प्रोव्हाइड’ या क्रियापदाची पाच वाक्ये शब्दकोशातून वहीत उतरवा. त्याची कर्मे इष्ट आहेत की अनिष्ट, ते ठरवा आणि मगच स्वतःचे वाक्य रचा.