दिवाळी सेलआधी वेबसाइटच्या कॅशचा हिशेब: मेमरी किती घ्यायची?



कॅशवरच्या व्हिडिओत आकडे फार पटपट गेले, थांबवून थांबवून बघावं लागलं, अशी तुमच्यापैकी बऱ्याच जणांची तक्रार होती. बरोबर आहे. म्हणून तोच हिशेब इथे सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा. गणित सातवीचंच आहे.

आधी माझी फजिती

सांगलीत आमचं सुकामेव्याचं दुकान आहे. दिवाळीच्या गिफ्ट बॉक्ससाठी वेबसाइट काढली. पहिल्याच धनत्रयोदशीला दुपारी फोन सुरू झाले. एक ताई म्हणाल्या, "अहो दादा, ऑफिससाठी ४० बॉक्स टाकले होते. ह्यांना विचारून येईपर्यंत कार्ट रिकामी!" मग दुसरा फोन, तिसरा फोन. साइट चालू होती, पेमेंट चालू होतं, फक्त लोकांच्या भरलेल्या कार्ट गायब होत होत्या. काही जणांनी परत भरल्या, बाकीच्यांनी दुसरीकडून घेतलं. गेलेलं गिऱ्हाईक कुठे मोजता येतं?

गंमत म्हणजे आदल्या आठवड्यात मी स्वतः डॅशबोर्ड बघितला होता. मेमरी जेमतेम २८ टक्के वापरात. म्हटलं, भरपूर जागा आहे. चूक तिथेच झाली. मी रोजच्या दिवसाचा आकडा बघितला आणि सणाच्या दिवसाचा निर्णय घेतला.

कॅश म्हणजे काउंटरमागची फळी

दुकानात सगळा माल गोडाऊनला असतो. पण पाव किलो काजू मागितले की आपण गोडाऊनला पळत नाही. जे सारखं लागतं ते काउंटरमागच्या फळीवर ठेवतो. वेबसाइटचंही तसंच. डेटाबेस म्हणजे गोडाऊन, कॅश म्हणजे फळी. फळीवरचा माल सर्व्हरच्या मेमरीत असतो, म्हणून लगेच हाताला येतो. रेडिस, मेमकॅश्ड, व्हाल्की ही नावं डेव्हलपर घेतो ना, ती या फळीची. ॲमेझॉनच्या क्लाउडवर हीच सेवा इलास्टिकॅश नावाने भाड्याने मिळते.

फळी भरली की काय होतं? रेडिसमध्ये ते आपण ठरवतो. एका सेटिंगमध्ये नवीन माल घेणंच बंद होतं आणि साइटवर एरर येतात. दुसऱ्या सेटिंगमध्ये, ज्याला बराच वेळ हात लागलेला नाही तो माल खाली फेकला जातो. माझ्याकडे दुसरं सेटिंग होतं. आणि धनत्रयोदशीला बराच वेळ हात न लागलेला माल कुठला? ज्या ताई "ह्यांना" विचारायला गेल्या होत्या, त्यांची कार्ट!

पायरी १: फळीवर काय काय आहे ते लिहा

साइटवर ४,००० वस्तू असोत की ४०, कॅश ठरते ती एका वेळी फळीवर किती राहणार यावर. गर्दीच्या दिवसाचे आकडे घ्या. गेल्या वर्षीचे असतील तर उत्तम. पहिलंच वर्ष असेल तर जाहिरातीवर किती पैसे टाकताय आणि त्यातून किती क्लिक येणार, तिथून सुरुवात करा. माझा धनत्रयोदशीचा हिशेब असा होता:

- वस्तूंची माहिती: ४०० वस्तू × २० केबी = ८ एमबी
- सेशन, म्हणजे साइटवर आलेल्या प्रत्येकाची नोंद: ४०,००० × ४ केबी = १६० एमबी
- कार्ट: १२,००० × ६ केबी = ७२ एमबी
- सर्च आणि फिल्टरचे निकाल: ५,००० × ४० केबी = २०० एमबी

एकूण ४४० एमबी. फोटो यात धरायचे नाहीत, ते कॅशमध्ये ठेवायचेच नसतात.

आता साध्या दिवशी हीच बेरीज किती होती? ८५ एमबी. पाचपट फरक. आणि बघा, वस्तू तेवढ्याच आहेत. वाढलं ते माणसांमुळे वाढलं.

पायरी २: वरखर्च आणि राखीव

बरणीतल्या बेदाण्याला जागा लागते तशी बरणीलाही लागते. प्रत्येक नोंदीबरोबर तिचं नाव, मुदत वगैरे साठतं. अंदाजाने मोजत असाल तर २५ टक्के वर धरा: ४४० चे झाले ५५० एमबी. डेव्हलपरने रेडिसच्या 'मेमरी युसेज' कमांडने वीस-पंचवीस नोंदी मोजून दिल्या असतील, तर वरखर्च त्यातच आलेला असतो, परत धरू नका.

दुसरं, विकत घेतलेली सगळी मेमरी तुमची नसते. बॅकअप घेताना, दुसऱ्या नोडला कॉपी देताना रेडिसला मोकळी जागा लागते. इलास्टिकॅशमध्ये यासाठी २५ टक्के राखीव ठेवायची शिफारस आहे. बीबीएला इन्व्हेंटरीच्या पेपरात सेफ्टी स्टॉक शिकलो होतो, तोच हा.

माझा नोड होता अर्धा जीबीचा, म्हणजे ५१२ एमबी. राखीव वजा जाता उरले ३८४. साध्या दिवशी ८५ आणि वरखर्च मिळून १०६ एमबी, म्हणून डॅशबोर्डवर २८ टक्के. धनत्रयोदशीला हवे होते ५५०. कार्ट कुठे गेल्या, कळलं?

आणि उरलेली जागाही काठोकाठ भरायची नाही. गर्दीच्या दिवशी ८० टक्क्यांवर थांबेल असं धरा. म्हणजे सूत्र असं:

गर्दीच्या दिवसाची बेरीज × १.२५ ÷ ०.७५ ÷ ०.८

माझं उत्तर आलं सुमारे ९१७ एमबी. म्हणजे पुढच्या मापाचा नोड, जो १.३७ जीबीचा येतो.

पायरी ३: थांबा, आधी फळी आवरा

इथे बरेच जण लगेच मोठा नोड घेतात. दुकान छोटं पडलं की आपण लगेच शेजारचा गाळा घेतो का? आधी न विकला जाणारा माल हलवतो.

सेशनची मुदत होती २४ तास. नुसतं डोकावून गेलेल्या माणसाची नोंद, एवढंच काय, सर्च इंजिनच्या बॉटचीसुद्धा नोंद, दिवसभर फळीवर कशाला? ती २ तासांवर आणली: ४०,००० चे ८,००० झाले, १६० एमबीचे ३२. सर्चच्या निकालांची मुदत ६ तासांवरून अर्ध्या तासावर आणली: २०० एमबीचे ६०. नवीन बेरीज ८ + ३२ + ७२ + ६० = १७२. सूत्रात घाला: ३५८ एमबी. जुनाच अर्धा जीबीचा नोड पुरला!

कार्टला मात्र हात लावला नाही, तिची जागा बदलली. कार्ट आता डेटाबेसमध्ये लिहिली जाते आणि कॅशमध्ये फक्त तिची कॉपी असते. फळीवरून पडली तर गोडाऊनमधून परत येते. गिऱ्हाइकाला एखादा सेकंद जास्त लागेल, पण ४० बॉक्स हरवणार नाहीत. हा नियम वहीत मोठ्या अक्षरात लिहा: जे हरवलं तर पैसे जातात, ते फक्त कॅशमध्ये ठेवायचं नाही.

पायरी ४: एक नोड पडला तर?

मेमरी पुरते, पण यंत्रच बंद पडलं तर? फळी एकदम रिकामी आणि सगळी गर्दी गोडाऊनच्या दारात. १०० पैकी ९५ मागण्या कॅश भागवत असेल, तर डेटाबेसपर्यंत ५ जातात. कॅशचं प्रमाण ९० वर आलं की तिथे १० जातात. आपल्याला पाच टक्क्यांचा फरक दिसतो, डेटाबेसवरचं काम दुप्पट झालेलं असतं. कॅश पूर्ण गेली तर वीसपट.

म्हणून वाचलेल्या पैशात मी दुसरा नोड घेतला, वेगळ्या झोनमध्ये, पहिल्याची कॉपी म्हणून. लक्षात ठेवा, कॉपीमुळे साठवायची जागा वाढत नाही. अर्धा जीबीचे दोन नोड म्हणजे एक जीबी नव्हे.

डेटा खरोखर वाटायचा असेल तर क्लस्टर मोड लागतो. त्यात रेडिस सगळा डेटा १६,३८४ कप्प्यांत टाकतो आणि ते कप्पे वेगवेगळ्या नोडवर वाटतो. एका नोडमध्ये माल मावत नसेल किंवा एका नोडला काम झेपत नसेल, तेव्हाच तिकडे जा. आणि फक्त जास्त कोअरचा नोड घेऊन वेग तेवढा वाढत नाही, कारण रेडिसच्या कमांड मुख्यतः एकाच थ्रेडवर चालतात. आपल्यासारख्या दुकानांना एक मुख्य आणि एक कॉपी बहुतेक वेळा पुरते.

पायरी ५: सणाच्या दिवशी काय बघायचं

तीनच आकडे. मेमरी किती टक्के भरली. इव्हिक्शन, म्हणजे जागेअभावी किती नोंदी फेकल्या गेल्या, हा शून्याजवळ हवा. आणि हिट रेट. मेमरी ७५ टक्क्यांवर गेली की मोबाइलवर अलार्म येईल असं लावून घ्या. नोड वाढवायचाच असेल तर आठवडाभर आधी वाढवा, ऐन गर्दीत नको. क्लाउडचं भाडं तासावर असतं, भाऊबीजेनंतर परत छोटा करा. हे मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर मार्चपर्यंत बिल येत राहतं.

गृहपाठ

आज डेव्हलपरला तीन प्रश्न विचारा. आपल्या कॅशमध्ये काय काय आहे आणि प्रत्येकाची मुदत किती? मेमरी भरली तर काय फेकलं जातं? कॅश आत्ता पूर्ण रिकामी झाली तर गिऱ्हाइकाचं काय हरवेल? तिसऱ्या प्रश्नाला "काहीच नाही, साइट थोडा वेळ हळू चालेल" असं उत्तर आलं, तर तुमची तयारी माझ्या पहिल्या दिवाळीपेक्षा चांगली आहे.

तुमची बेरीज किती आली ते कमेंटमध्ये टाका. गणित अडलं तर पुढच्या व्हिडिओत तुमचंच उदाहरण सोडवू.