गाडी चालू होत नाही? आधी दोष ओळखा, मग खर्च करा

बाजाराचा दिवस कोणासाठी थांबत नाही. बीड जिल्ह्यात नेकनूर, धारूर, माजलगाव, परळी असे बाजार करणारे कापडवाले, भांडेवाले, चप्पलवाले पहाटेच माल भरतात. नेमकी त्याच वेळी गाडी चालू झाली नाही तर त्या दिवसाची रोजी बुडते आणि उधारीवर आणलेला माल गठ्ठ्यातच राहतो. त्यावर घाबरून आज बॅटरी, उद्या पंप, परवा सेन्सर असे बदलत गेलो तर महिन्याची कमाई गॅरेजात जाते. आम्ही कापडवाले थान उलगडून, उजेडात धरून पाहिल्याशिवाय डाग कुठे आहे हे सांगत नाही. गाडीच्या बाबतीतही हाच नियम लावावा.

इंजिनाला फिरण्यासाठी वीज लागते, जळण्यासाठी इंधन आणि हवा लागते. पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी इंधन पेटवते. डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. जोराने दाबलेली हवा तापते आणि तिच्यातच डिझेल पेटते. एवढे ध्यानात ठेवून तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. इंजिन फिरते का? फिरून पेट घेते का? पेट घेऊन टिकते का?

१) इंजिन फिरतच नाही

सेल्फ मारल्यावर नुसता टिकटिक आवाज येत असेल तर हेडलाईट लावून पुन्हा सेल्फ मारावा. लाईट अगदी मंद झाली तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली असेल तर वीज पुढे जात नाही. निगेटिव्ह तार आधी सोडावी, खाण्याचा सोडा टाकलेल्या गरम पाण्याने टर्मिनल धुवावे, कोरडे करून घट्ट आवळावे आणि निगेटिव्ह तार शेवटी लावावी. त्या वेळी जवळ बिडी-सिगारेट नको, कारण बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

मीटर असेल तर अंदाजाची गरजच नाही. पूर्ण चार्ज बॅटरी बंद गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. गाडी चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील तर बॅटरी बदलण्याआधी अल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि तारा तपासाव्यात. नाहीतर नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल. लाईट लख्ख राहते आणि फक्त एकच 'टक' आवाज येतो, तेव्हा बहुधा स्टार्टरकडे पाहावे लागते.

२) फिरते, पण पेट घेत नाही

पेट्रोलच्या इंजेक्शन गाडीत चावी चालू केल्यावर टाकीकडून एक-दोन सेकंद गुणगुण ऐकू येते. तो पंपाचा आवाज. तो आला नाही तर आधी फ्यूज आणि रिले पाहावा. महागडा पंप नंतर. प्लग काढला असता ओला आणि पेट्रोलचा वास येणारा निघाला तर इंधन पोहोचते आहे, ठिणगीत दोष असू शकतो. कोरडा निघाला तर इंधनाची वाट तपासावी. वारंवार सेल्फ मारून प्लग भिजले असतील तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास जादा पेट्रोल निघून जाते. चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन ठीक असते. गाडी चावीला ओळखत नाही एवढेच. दुसरी चावी लावून पाहावी.

डिझेल पिकअपमध्ये हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारावा. टाकी एकदा कोरडी झाली की लाईन एअर घेते. मग डिझेल भरूनही गाडी पेट घेत नाही. फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत दाबला तर बऱ्याचदा काम होते. आमच्या कारागीर बंधूंना एक ताकीद: कॉमनरेल इंजिनाचा जादा दाबाचा पाईप इंजिन फिरत असताना कधीही ढिला करू नये. त्यातील दाब हजार बारच्याही वर जातो. डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते आणि हात गमावण्याची पाळी येते.

३) चालू होते, पण बंद पडते

येथे 'केव्हा बंद पडते' यातच उत्तर असते. सपाटीवर नीट चालणारी गाडी मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात भरल्या मालाने झटके खाऊन बंद पडते, तेव्हा पहिला संशय चोक झालेल्या इंधन फिल्टरवर घ्यावा. सपाटीला लागते तेवढे इंधन त्यातून येते, चढाला लागते तेवढे येत नाही. गाडी तापल्यावर बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप चालू होत असेल तर इग्निशन कॉइल किंवा क्रँक सेन्सर तपासावा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मे महिन्याच्या उन्हात पाईपातल्या पेट्रोलची वाफ होऊनही असेच घडते. फक्त उभी असताना बंद पडत असेल तर हवेची वाट, म्हणजे एअर फिल्टर, थ्रॉटल आणि फाटलेला रबरी पाईप पाहावा.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी जवळजवळ रिकामी ठेवू नये.

तेलाचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा वर गेला तर पुढच्या गावापर्यंत ओढू नये, तेथेच थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. घाटात इंजिन बंद पडले की ब्रेक आणि स्टेअरिंग जड होते. गाडी न्यूट्रलमध्ये उतारावर सोडू नये, चावी काढू नये. कडेला घेऊन चाकामागे दगड लावावा.

गॅरेजमधील व्यवहार

गाडीत एक लहान वही ठेवावी. दोष केव्हा आला, गाडी थंड होती की गरम, चढ होता की सपाटी, डिझेल कोठे भरले, कोणता दिवा लागला, हे लिहून मिस्त्रीसमोर ठेवावे. 'गाडी खराब आहे, बघा' एवढेच सांगणारा गिऱ्हाईक अंदाजाचे पैसे भरतो.

मिस्त्री बंधूंनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्कॅनरचा कोड कोणत्या सर्किटची तक्रार आहे ते सांगतो. कोणता पार्ट मेला हे सांगत नाही. सेन्सरचा कोड आला तरी दोष तुटलेल्या तारेत किंवा गंजलेल्या प्लगमध्ये असू शकतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यानंतर गाड्यांत सेन्सर आणखी वाढले. चांगला मीटर आणि स्कॅनर नसेल तर आपल्या मुलांच्या हातचे हे काम दुसरीकडे जाईल. ही साधने शिकून घेणे हाही रोजी टिकवण्याचा मार्ग आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतला माल ओला लागला. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हा प्रसंग आम्ही कापड विकताना आठवतो, तसा तो पाना हातात घेतानाही आठवावा. बदललेला जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्यावा. पाच रुपयांच्या फ्यूजने काम झाले असेल तर फ्यूजचे आणि आपल्या मेहनतीचे पैसे सांगावेत. मेहनतीचा दाम मागण्यात लाज नाही. गिऱ्हाईकानेही 'पार्ट तर बदललाच नाही' म्हणून ती मजुरी कापू नये. दोष शोधणे हेच खरे काम आहे, आणि त्याचा मोबदला दिला नाही तर मिस्त्रीला पार्ट बदलूनच पोट भरावे लागते.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी बॅटरीची जोडणी, तेल, पाणी आणि इंधन यांवर दहा मिनिटे नजर टाकावी. एवढे केले तर पहाटे धक्का मारायला माणसे गोळा करण्याची वेळ सहसा येणार नाही, इन्शाअल्लाह.