रौप्ययुक्त अस्थिक्षार व पिण्याचें पाणी

हाडांचें खत वाचकांस नवें नाहीं. त्यांतील मुख्य द्रव्य म्हणजे चुना व स्फुरद यांचा क्षार होय. रसायनशास्त्रांत यास हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट म्हणतात. मनुष्याच्या हाडांत व दांतांत हाच क्षार असतो आणि पाण्यांतील फ्लोराइड आपणाकडे ओढून घेणें हा त्याचा स्वभाव आहे.

यवतमाळ जिल्ह्यांत कित्येक गांवीं कूपनलिकेच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक असतें. प्रस्तुत लेखक पैसेवारीच्या कामानिमित्त अशा एका गांवीं गेला असतां, मुलांचे दांत डागाळलेले व वृद्धांचे सांधे आखडलेले त्यानें पाहिले. लोक म्हणाले, "भाऊसाहेब, आम्ही पाणी उकळून पितों." परंतु उकळल्यानें जंतु मरतात, फ्लोराइड जात नाहीं, उलट पाणी आटल्यानें त्याचें प्रमाण वाढतें.

जो गुण शरीरांत अपाय करतो, तोच गाळणींत उपकारक होतो. केनिया व टांझानिया या देशांत हाडांच्या कोळशांतून पाणी गाळून फ्लोराइड काढतात. ज्यांस हाडांचा विटाळ वाटतो त्यांच्यासाठीं हा क्षार चुना व फॉस्फोरिक आम्ल यांपासूनहि बनवितां येतो. त्याचे कण अतिसूक्ष्म केल्यास काम अधिक होतें. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच १० नॅनोमीटरचे तुकडे केले तर तो ६०० चौरस मीटर, म्हणजे सुमारें ६ गुंठे होतो! तितकी जागा फ्लोराइड व शिसें धरून ठेवण्यास मिळते.

हा क्षार बनवितांना चुन्याच्या कांहीं अंशाच्या जागीं चांदी घालतात. ती पाण्यांत किंचित् सुटून जंतूंचें आवरण भेदते. याप्रमाणें एकाच द्रव्यानें दोन कामें साधतात.

तथापि हें कार्य अद्याप बहुतांशीं प्रयोगशाळेंतील आहे. सुटी पूड पाण्यांत कधींहि टाकूं नये. ती गोळ्यांत बांधलेली असावी. तिची धारणशक्ति संपली कीं ती बदलावी लागते. वापरलेलें द्रव्य शेतांत फेंकूं नये, कारण चांदीनें जमिनींतील उपयुक्त जंतूहि मरतात.

यास्तव प्रथम पाणी सरकारी प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें. फ्लोराइड लिटरास १ मिलिग्रॅमपर्यंत ग्राह्य असून, दुसरें पाणी नसल्यास १.५ पर्यंत चालतें. विक्रेत्यास विचारावें कीं, गाळणी किती लिटर चालेल, आणि गाळलेल्या पाण्यांत चांदी लिटरास ०.१ मिलिग्रॅमच्या आंत राहते काय? सात-बारा पाहिल्यावांचून आपण जमीन घेत नाहीं. मग तपासणीचा कागद पाहिल्यावांचून मुलांच्या मुखीं जाणाऱ्या पाण्याची गाळणी कां घ्यावी?